भावोजी, पेपर पाठवा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, या संस्थेच्या संचालकबाई. व्यासपीठावर बसलेले आणि हातातला पुष्पगुच्छ ठेवावा कुठे या विवंचनेत असलेले सन्माननीय पाहुणे. उद्यापासून उशिरा उठायला मोकळे होणारे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे भावोजी. त्यांच्यामुळे उद्यापासून ज्यांना घडीभर निवांत बसता येणार नाही त्या आमच्या वहिनी. आणि चहा भाषणांनंतर आहे असं कळल्यामुळे अजून जागेवर असलेल्या सुजाण श्रोत्यांनो,

मी दातांची डॉक्टर. माझ्यासमोर माणूस बसतो तोच मुळी आ करून. मी बोलत राहते आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही, अशा वातावरणात मी आयुष्य काढलंय. त्यामुळे भाषणाचं मला दडपण नाही. संयोजकांनी सांगितलं, पाच मिनिटं बोला आणि चार गोड शब्द बोला. गोडाचं काय होतं हे मी रोज बघते, पण म्हटलं, आज नको.

मला बोलावलंय ते भावोजींच्या दिवंगत सहकाऱ्याची बायको म्हणून. माझ्याआधीच्या सगळ्या वक्त्यांनी भावोजींच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. अगदी रास्त आहे. एवढा काटेकोर माणूस, की त्यांचा आणि माझ्या नवऱ्याचा एक शोधनिबंध, संपूर्ण तयार, दीड वर्ष झालं यांच्या कंप्युटरमध्ये मुक्कामाला आहे. पाठवायचा तेवढा राहिलाय. जर्नलने दिलेली शेवटची मुदत आज संपते. तेव्हा मी आधीच सांगून टाकते, की मी इथे गुणगान गायला आलेली नाही. तो पेपर आज जातोय की नाही, एवढं विचारायला आलेय. पण सभेचे काही रिवाज असतात, म्हणून आधी थोडं गुणगान.

याच इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत भावोजी आणि आमचे हे, असा दोघांचा संसार होता. विषय काय, तर पाण्याच्या जुन्या लोखंडी नळांना चढणारा गंज. सगळं जग गंज काढायला धडपडतं, हे दोघे तो चढवायला धडपडत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे गंज-मंडळ म्हणायचे. आमच्या ह्यांना ते नाव इतकं आवडलं, की दारावर तशी पाटी लावायची म्हणून हट्ट धरून बसले होते. तेव्हाच्या संचालकांनी नकार दिला. त्यांना विनोदाचं वावडं होतं, आणि ते आज पाहुणे म्हणून इथेच बसलेत, म्हणून मी पुढे जाते.

खोली पुरेना, तेव्हा नळांचे तुकडे आमच्या गॅलरीत आले. बादल्या, बादल्यांत वेगवेगळं पाणी, आणि प्रत्येक बादलीवर चिकटवलेलं, ‘हात लावू नये.’ सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, सून लोकांच्या दातांवरचा थर खरवडते आणि मुलगा नळांवर थर चढवतो, आता मी कोणाचं कौतुक करू? कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. मी बोलायची, भांडायची, शेवटी हात टेकले.

आणि या बादल्यांतून निघालं काय? तर पाणी ठरावीक प्रकारचं असेल, तर पहिला गंजच पुढच्या गंजाला अडवतो. वर चढलेला थर खालचं लोखंड सांभाळतो. म्हणजे शहरांचे जुने नळ सरसकट उपटून फेकायची गरज नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी बादल्यांना माफ केलं.

मग सुरू झालं पेपर लिहिण्याचं गुऱ्हाळ. तुम्ही सगळे अभ्यासक आहात, तुम्हाला यात नवल नाही. पण एखाद्या साध्यासुध्या दंतवैद्याच्या घरात हे घडतं तेव्हा काय होतं, ते ऐका. पहिलं भांडण शीर्षकावर. ते वाचताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो, अशी माझी तक्रार होती. ती नोंदवून घेतली आणि शीर्षक आणखी लांबवलं. दुसरं भांडण नावांच्या क्रमावर. इतर ठिकाणी म्हणे, माझं नाव आधी, माझं नाव आधी, म्हणून लोक एकमेकांचं तोंड बघत नाहीत. इथे उलटच. तुझं आधी. छे, तुझंच आधी. काम तू केलंस. अरे, कल्पना तुझी. आठवडेच्या आठवडे हे सौजन्य चाललं होतं. मला सौजन्याचा वीट आला.

शेवटी सोडवलं आमच्या ह्यांनीच. भावोजींची दाढ दुखत होती. आता दुखत होती म्हणजे वर्षभर दुखत होती, पण हे गृहस्थ, आपोआप थांबेल, म्हणून वाट बघत होते. हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. तर एकदाचे आले. मी भूल दिली, तोंडात कापूस, आरसा, नळी, सगळा सरंजाम. तेवढ्यात आमचे हे आत आले, खुर्चीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “पहिलं नाव तुझं. हरकत असेल तर आत्ता बोल.” भावोजींनी हात हलवले, पाय झाडले, डोळे मोठे केले. हे म्हणाले, “नाही ना? ठरलं तर मग.” आणि गेले. तर असं हे पहिलं नाव. पेपर पाठवायची, पत्रव्यवहाराची सगळी जबाबदारी त्यामुळेच भावोजींच्या गळ्यात पडली.

पहिल्या जर्नलने पेपर परत केला. काय ती भाषा! आपलं संशोधन अत्यंत मोलाचं आहे, म्हणून आम्हाला ते नको, असा एकूण सूर. दुसऱ्या जर्नलसाठी सगळे संदर्भ नव्या पद्धतीने लिहायचे होते. जिथे स्वल्पविराम तिथे अर्धविराम, जिथे आडनाव आधी तिथे नंतर. दोन शिकलेसवरलेले पुरुष माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून ठिपके हलवत होते आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवत होते. मग परीक्षकांची मतं आली. एक म्हणे, पेपर फार लांबलाय. दुसरा म्हणे, आणखी विस्तार हवा. आमचे हे म्हणाले, या दोघांना एका खोलीत कोंडा, तोवर आपण चहा घेऊ.

पण दुसऱ्या परीक्षकाने एक प्रयोगही मागितला होता. जरा खारट पाण्यात तो थर टिकतो का, ते दाखवा. तो प्रयोग आमच्या ह्यांनी आमच्या गॅलरीत केला. तोवर ह्यांचं हृदय दमलेलं होतं. दवाखान्यातून घरी आणलं, तर दारातच पहिली चौकशी केली ती बादलीची. माझी नाही, बादलीची. थर टिकला होता. त्यांनी आकडे भावोजींना दिले, भावोजींनी ते पेपरात घातले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हे गेले. तुमच्यातले बरेच जण आले होते तेव्हा. मी त्याबद्दल आणखी बोलत नाही.

आता राहिलं काय होतं? पाठवणं. बस्स. आणि इथून भावोजींच्या सुप्रसिद्ध काटेकोरपणाचा खरा सुवर्णकाळ सुरू होतो. ‘दिसते’च्या जागी ‘आढळते’ केलं. पुढच्या महिन्यात ‘आढळते’च्या जागी ‘दिसते’ केलं. आलेखातली निळी रेघ हिरवी झाली आणि हिरवी पुन्हा निळी. मुदतवाढ मागायची, संपादकांनी द्यायची. संपादकही भलताच सज्जन निघाला, एखादा खवट मिळाला असता तर बरं झालं असतं. लोक म्हणत, बघा, मित्राच्या शेवटच्या कामात तसूभर चूक राहू नये म्हणून सरांचा जीव कसा तुटतोय. मीही तेच म्हणत होते.

मग एकदा मेल आला. ह्यांचा घरचा मेलचा पत्ता मी बंद केलेला नाही. का, ते विचारू नका. मेल जर्नलचा होता. आदरणीय डॉक्टर, आपण लेखक असलेला शोधनिबंध आमच्याकडे दाखल होत आहे, कृपया आपली संमती कळवावी. मी जेवत होते. तशीच उठले आणि त्यांना वाचून दाखवायला आतल्या खोलीत गेले. आत कोण असणार? परत येऊन उरलेलं जेवले.

काही दिवसांनी दुसरा मेल. आपली संमती अद्याप मिळालेली नाही, कृपया त्वरा करावी. आता हा माणूस जिवंतपणीही कोणाच्या पत्राला वेळेत उत्तर देत नसे. मग तिसरा, प्रक्रिया अपूर्ण राहिल्यामुळे रद्द. दोनतीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून तेच. आदरणीय डॉक्टर, कृपया संमती. खोटं कशाला बोलू, मला त्या मेलची सवय लागली. कोणीतरी त्यांना हाक मारतंय, एवढं तरी वाटायचं.

शेवटी मी जर्नलच्या कचेरीला लिहिलं, की हा काय पोरखेळ आहे? तिथल्या बाईंनी फार सभ्यपणे कळवलं, की लेखकांच्या नावांचं एक पान असतं. एखादा लेखक हयात नसेल, तर त्याच्या नावापुढच्या चौकटीत खूण करायची. मग त्याची संमती मागत नाहीत. छापताना त्याच्या नावाच्या डोक्यावर एक बारीकशी खूण येते आणि खाली एक ओळ. पत्रव्यवहार त्याच्या घरच्यांशी होतो. एवढंच. मी माझा पत्ता त्यांच्याकडे देऊन ठेवला. आणि वहिनींना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “दर वेळी सगळं भरतात, त्या पानापाशी आले की चौकट तशीच सोडून उठतात, पाणी पितात, आणि मग वाक्यं सुधारायला बसतात.”

तर असा हा काटेकोरपणा, मंडळी. ठिपके नाहीत, रेघा नाहीत. एक चौकट. तिथे यांचं घोडं अडलंय.

भावोजी, मला राग आला हो. भयंकर आला. अजून आहे. तुम्ही माझ्याकडे दात दाखवायला येता, मी पेपरचं विचारते, तुम्ही आ केलेल्या तोंडाने मान डोलावता आणि निघून जाता. तुम्हाला काय वाटतं, तुम्ही खूण केली नाही तर ते थांबतील? मी ती खूण कुठे कुठे केलीय, माहितेय? बँकेत केली. फोनवाल्यांकडे केली. ग्रंथालयात केली, तिथे तर त्यांच्या नावावर एक पुस्तक बाकी होतं. दर वेळी खिडकीमागचा माणूस मान वर न करता विचारायचा आणि मी लिहायची. तुम्हाला एकदाच करायचीय. मित्र तुमचा होता, मान्य आहे. नवरा माझा होता.

मला त्यांचं नाव छापलेलं बघायचंय. त्या खुणेसकट. त्यांनी दम लागत असताना बादलीपाशी बसून काढलेले आकडे लोकांनी वाचलेले बघायचेत. गेल्या आठवड्यात पुन्हा तो मेल आला, म्हणजे सगळं भरून तयार आहे. संस्थेचा तुमचा मेलचा पत्ता उद्या सकाळी बंद होतोय, आणि मुदत आज संपते. त्यानंतर नवं जर्नल शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि ती तुम्ही करणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तुमचे फोटो पडद्यावर दाखवणारा कंप्युटर त्या टेबलावर आहे. आज तुमच्या तोंडात कापूस नाही, भूल दिलेली नाही. हरकत असेल तर आत्ता बोला.

नाही ना? ठरलं तर मग.

बसा हो, बसा, माझं संपलेलं नाही... बरं, जा. वहिनी, त्यांचा चष्मा द्या. आणि कोणीतरी तो पडदा बंद करा, नाहीतर सभागृहाला पासवर्ड कळेल. काय म्हणताय? मोठ्याने बोला. भावोजी विचारतायत, आता तरी त्याचं नाव पहिलं टाकू का? अजिबात नाही. ठरलं ते ठरलं.

तर भावोजींचं काम होईपर्यंत मी रीतसर समारोप करते. अध्यक्षबाईंनी मला मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. संयोजकांचे आभार, त्यांनी पाच मिनिटं दिली होती, बाकीची मी घेतली. माजी संचालकांचेही आभार, पाटीचा विषय निघूनही ते उठून गेले नाहीत. भावोजी आणि वहिनींना पुढच्या आयुष्यासाठी माझ्या मनापासून शुभेच्छा. निरोपाच्या प्रसंगी एवढं तोडून बोलायची पद्धत नसते, मला कळतं. कोणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. माझ्या व्यवसायात आधी दुखतं, मग बरं वाटतं.

थांबा, फोन वाजला. मेल आहे, जर्नलचा. वाचते. आपला शोधनिबंध आमच्याकडे पोचला आहे.

भावोजी, हा मेल त्यांना आलेला नाही. मला आलाय.