शपथ त मीच घेतली

— नाही, आत नको, ओसरीवरच बस, अन् खरं सांग प्रणाली, तुले तिनं पाठवलं का निवडणुकीत पडलेल्या त्या मोतीरामनं? बायको सरपंच, तिकडं चौकात ग्रामसभा भरून राहिली, अन् नवऱ्याले बलवाले येते कोण, त गौतमची पोरगी. मले हे सरळ नाही दिसत. काय म्हणाली ती? 'येऊन बसा, ऐका'? कुठं बसू, खाली सतरंजीवर, लोकायमंधी? इतके वर्सं त्या खुर्चीवर मी बसलो, पोरी. रस्त्यासाठी सौंसरच्या तहसील हापिसात चपला मी घासल्या. पाटीवर नाव तिचं हाये, मान्य. पन नाव त ट्रॅक्टरवरबी तिचंच हाये, म्हून काय ती चालवते?

तुह्यावर मले पयलेपासून शक व्हता, तोंडावर सांगतो. दर शनिवारी आमची नलिनी जामसांवलीले जाते म्हणे, हनुमानाच्या दर्शनाले — अन् येताना ना नारळ, ना शेंदूर. मले वाटलं, मोतीरामनं काहीतरी शिजवलं. म्हून एक दिवस गाडी काढली अन् मांगं मांगं गेलो. पाळत नव्हतो ठेवत — बरं, ठेवून राहिलो व्हतो. त तुमच्या समाजमंदिरात बाया बसल्या, मधात तू, अन् ते संविधानाचं जाड पुस्तक. ते मले ठावं हाये. लहानपणी कापूस वेचाले तुह्या आजोबाले बलवाले जाओ मी, तवा फोटोखाली ठेवलेलं दिसे. आमच्या घरी नव्हतं. खिडकीपाशी उभा राह्यलो त नलिनी वाचून राहिली व्हती, मोठ्यानं. घरात तिचा आवाज चुलीपुढं येत नाही, अन् तिथं मले रस्त्यावर आयकू आला. त्या दिवशी जेवलो नाही मी. काऊन? ते जाऊ दे.

तुनंच शिकवलं न तिले — त्र्याहत्तरावी दुरुस्ती झाली म्हून पंचायतीत बायायले जागा भेटल्या? म्हंजे पयले नव्हत्या, मांगून टाकल्या. हेच पटत नाही मले. येवढ्या मोठ्या लोकायनं लिवलं, त्यात दुरुस्ती? शंभराच्या वर झाल्या म्हणे, आता दिल्लीच्या सभेतबी बायायच्या जागा लिवल्या. उद्या अजून कोणी काई लिवन, मंग आमी कोठी जाव? दुरुस्ती त बिघडलेल्याची करते माणूस. तिले इचारलं मी, काय बिघडलं व्हतं गं संविधानात? भाकर उलटता उलटता म्हणते, 'बाया नव्हत्या.' बस. दुसरी भाकर टाकली.

काय म्हणतं? शपथ तिनं घेतलीच नाही? कोणं सांगतलं, तिनंच? — हो, नाही घेतली. मी घेतली. ऐक न. शपथेच्या दिवशी मांडवात माह्ये वडील, बापूजी, समोर बसले व्हते. आपल्या मध्यप्रदेशात शपथ हिंदीतच, सायब म्हणे, पूरा नाम लेकर शुरू करो. ती 'मैं नलिनी' म्हणाली अन् थांबली. पुढं माह्यं नाव येते. नवऱ्याचं नाव, तेबी सासऱ्यापुढं — आमच्या घरची बाई नाही घेत. लग्नात उखाणा घेतला असन तेवढाच. सायब खोळंबला, लोक हासाले लागले. मंग मी उठलो, माईक घेतला अन् सारी शपथ म्हणून टाकली. टाळ्या वाजल्या. तिची अडचणच सोडवली न मी? अन् आता म्हणते कशी, शपथ तुमी घेतली त संविधानानं तुमाले बांधलं, मी मोकळीच राह्यली. मले माही घ्याची हाये. आज, चौकात.

घेऊ दे. म्हून त मी इथं बसलो, समजलं? ती 'मैं नलिनी' म्हणन अन् तिथंच अडन. मंग कोणीतरी पळत येईन, सरपंचसाहेब, चला लवकर. तोवर चहा पेतो. तूबी पे. मले काही भेव नाही — हाये. खरं सांगतो, भेव हाये. सारे सरपंच म्हणते मले, बापूजीबी म्हणते. नुसतं हिरामण म्हणणारं गावात कोणी उरलंच नाही, त उद्या मले हाक कशी मारन लोक?

थांब. चौकातला भोंगा लागला. 'मैं नलिनी' — थांबली. म्हटलं नव्हतं मी? थांबली न? आता पाय कसे पळत येते —

घेतलं.

'हिरामण' म्हणाली ती. भोंग्यावर, बापूजीपुढं. अडली नाही पोरी, पुढंबी चालली, 'संविधान के प्रति सच्ची श्रद्धा' म्हणून राहिली —

तू जा आता. चहा राहू दे. जा म्हणतो न, मले आयकू दे.