वरल्या खोपीची तिसरी हाक

ऐका. जेवन झालं न्हवं? मंग त्या पिशव्या बाजूला सारा आन् शेकोटीकडं सरका. पुसाचा गारठा हाय, हाडात शिरतो. तुमी शहरातली पोरं म्हनताय, उद्या दिवस बुडाल्यावर निसणीचा घाट चढायचा आन् वरल्या खोपीत मुक्काम करायचा. कुनी सांगितलं तुमाला? मोबाइलात फोटू बघितला? फोटूत नुसतं दार दिसतं बाबांनो. दारात बसलेली दिसत न्हाई. हसू नका. सूनबाई, तू तरी हसू नको, तुज्या माहेरचा म्हातारा बी त्यात व्हता.

आदी ती खोप काय हाय ते ऐका. घाटाच्या पार माथ्यावर, जितं कोकनातला वारा वर येऊन आदळतो, तितं झाड न्हाई, झुडूप न्हाई. नुसता काळा सडा, उघडा कातळ, आन् सड्याच्या कडंला तुटलेला कडा. डांबरी रस्ता व्हायच्या आदी समदी वाट तिथनंच. खालनं मीठ आन् सुकट वर यायची, वरनं मिरची-गूळ खाली जायचा. बैलाच्या पाठीवर, न्हाईतर मानसाच्या डोक्यावर. माथ्यावर धुकं उतरलं की सोताचा हात सोताला दिसत न्हाई. मानसं चुकायची, भिजायची, गारठून मरायची. म्हनून आमच्या वाडीतल्या पाच घरांनी मिळून खोप बांधली. हातभर जाड दगडी भिंती. गवताचं छप्पर, ते वाऱ्यानं उडू नये म्हनून वरनं दोर टाकून दोराला धोंडं बांधलेलं. फनसाच्या येकाच फळीचं दार. आन् दाराला आतनं आडवा खैराचा अडसर, ह्यो असा मांडीएवढा. पावसाळाभर पाच घरांतला येक मानूस पाळीपाळीनं वर ऱ्हायचा. इस्तू इझू द्यायचा न्हाई. आल्यागेल्याला दार उघडायचं, शेकायला द्यायचं. पुन्याचं काम व्हतं ते, खोटं कशाला बोलू.

पन त्या पुन्याच्या कामाला ह्या शान्यांनी येक नेम जोडला. रातच्याला दारावर हाक आली तर तीन हाका झाल्याबिगर अडसर काढायचा न्हाई. का? तर म्हनं भुताला दोनच हाका मारता येत्यात. तिसरी हाक मानसाची. कुनी ताडून बघितलं व्हतं? कुनी न्हाई. पन नेम म्हंजे नेम.

आता ऐका काय झालं. येका भादव्यात छपराचं उडालेलं गवत परत घालायला पाची घरचं पाच बाप्ये वर गेलं. त्यात माजा आजा, सोमा झोरे. अडसराजवळ त्योच बसलेला. रातीला अशी झड लागली की दगडं पाझरली. आन् दारावर हाक आली. बाईची. "सोमादादा, दार उघडा." आजानं आवाज वळखला. येसू व्हती ती, कोकनातनं सुकटीची पाटी घिऊन यायची. रांडाव बाई, दोन लेकरं खाली ठिवून घाट चढायची. ह्या पाचीजनांनी तिची सुकट जलमभर खाल्ली. दुसरी हाक आली. "दादा..." बारीक. आजा उठला बरं का. हात बी लावला अडसराला. बाकीचं चौघं म्हनले, थांब, तिसरी ईऊ दे.

तिसरी आली न्हाई.

सकाळी दार उघडलं तवा येसू दाराला टेकून बसलेली. पाटी मांडीवर. हात दारावर तसाच. तिसऱ्या हाकेपुरता दम ऱ्हायला न्हवता, येवढंच. आन् ह्ये पाच मर्द आत इस्तवाला पाय लावून बसलं व्हतं. मला अजून राग येतो त्यांचा. माजाच आजा, तरी येतो.

मंग सुरू झालं. तिनं खोप सोडली न्हाई. दुसऱ्या सालापास्नं पाचांतलं येकेक गेलं. कसं गेलं? वर पाळीला गेलेला मानूस सकाळी दाराभायेर टेकून बसलेला घावायचा, गार. आन् दाराला अडसर आतनं. आत कोन न्हाई. ऐकताय न्हवं? आत कोन न्हाई आन् अडसर आतनं. असं तिघं गेलं. सूनबाई, तुजा म्हातारा तिसरा. चौथा गाव सोडून गेला, वरली पाळी बंद पडली. माज्या आजानं मातर पाय वर ठिवला न्हाई, आन् अंथरुणात मेला. म्हंजे त्याचं ऱ्हायलं. आन् तिनं ते ऱ्हाऊ दिलं न्हाई.

आजाचा धाकला ल्योक भागू, म्हंजी माजा चुलता. त्याची बायको ठकू. ठकूकाकू घाटाखालची, तोंडानं फटकळ, पन जीव लावनारी. तिच्या भावाचं लगीन निघालं, ते बी जेठ सरता सरता, पाऊस लागल्यावर. भागूकाका म्हनला, म्हस व्यायला झालीया, जायाचं न्हाई. ती म्हनली, म्हस तुमची, भाऊ माजा. आन् दुपारी येकटी निघून गेली, त्याच निसणीच्या वाटेनं. काका तोऱ्यात बसला. जाऊ दे म्हनला, दोन दिसांत ईल.

सांच्याला माथ्यावर धुकं उतरलं. मंग त्याला बसवंना. म्हशीपाशी गेला, परत आला, परत गेला. माजी आय म्हनली, भाऊजी, हितं काय बघताय, वर बघा. अंधार पडल्यावर निघाला गडी. हातात कंदील, खांद्यावर घोंगडं. येकच ध्यास, ठकू घावली पायजे.

पयल्या टप्प्यावर म्होरं बांगड्या वाजल्या. "ठकू?" बांगड्या थांबल्या. हा चालला की त्या चालत्यात. हा थांबला की थांबत्यात. धावला. म्होरं कडा. येक पाऊल टाकलं असतं तर आज ही गोष्ट सांगायला कारन ऱ्हायलं नसतं. मागं सरला, तर भपकन सुकटीचा वास आला. भर पावसात, उघड्या सड्यावर, सुकटीचा वास. तवा त्याला समजलं की वर आपन येकटं न्हाई.

मंग कंदील इझला. वारा न्हवता बरं का त्या घडीला. इझला. आन् लांब खोपीचा उजेड दिसला. डावीकडं. चालला तर उजवीकडं. परत डावीकडं. काका वाडीचा गडी, त्यानं उजेडाकडं बघायचं सोडलं. बैलवाल्यांनी वाटंवर हातहातभर उंचीचं दगड उभं केल्यात, धुक्यासाठीच. डोळं मिटून, गुडघ्यावर रांगत, येकेक दगड चाचपत गेला. हात फुटलं. पन दाराला लागला.

दार उघडं व्हतं. आत उजेड, चुलीपाशी ठकू बसलेली.

"आलासा व्हय? या, बसा. किती भिजलासा." अशी गोड बोलली. काकाचा जीव भांड्यात पडला. त्यानं काय इचार केला न्हाई. अरं, बायको भांडून गेली, नवरा रातचा हुडकत आला, आन् ती या बसा म्हनती? तुमची लगनं झाल्यावर कळंल तुमाला. तिचं लुगडं कोरडं व्हतं, ते बी त्यानं बघितलं न्हाई. ती म्हनली, "दार लावा. अडसर घाला." त्यानं घातला. ती म्हनली, "हितं बसा." तो बसला. चुलीत राख व्हती, इस्तू न्हवता, तरी बसला. सुकटीचा वास आत बी व्हता.

आन् दारावर हाक आली.

"अवो, दार उघडा."

ठकूचा आवाज. काका चुलीकडं बघतो तर ठकू समोर. ती हसली. म्हनली, "ती येसू हाय. माजा आवाज काढती. उघडू नका. तुमच्या वडलांनी काय शिकीवलं? तीन हाका."

 आत येक, भायेर येक. दोघी ठकू. आतली खरी असंल आन् दार उघडलं, तर दोघं मेलं. भायेरची खरी असंल आन् न्हाई उघडलं, तर ती तिथंच बसल्या जागी जानार. सांगा, तुमी काय केलं असतं? न्हाई, मनात न्हाई, तोंडानं सांगा. 

दुसरी हाक आली. "अवो..." येवढंच. बारीक. दारावर हात घासत खाली गेल्याचा आवाज झाला.

आन् पुढं काय न्हाई. आतली म्हनली, "दोन झाल्या. तिसरी आली न्हाई. बघा, भूतच हाय."

तवा काका उठला. त्याला काय वळखू आलं व्हतं असं न्हाई. मला सोता सांगितलंय त्यानं. म्हनला, मला काय बी कळलं न्हवतं. आयुक्षभर बाप दाराकडं बघत बसलेला मी बघितला व्हता. मी म्हनलं, भूत असंल तर खाऊ दे, पन मी बापासारखा जगनार न्हाई. आन् त्यानं अडसराला हात घातला.

"भागू!"

आतली वरडली. नाव घिऊन. आमच्या वाडीत कुठल्या बायकुनं नवऱ्याचं नाव घेतलंय? मेली तरी घेत न्हाई. काकानं मागं बघितलंच न्हाई. तिनं त्याचं मनगट धरलं. गार, इतकं गार की जळल्यागत झालं. तोंड कानाशी आनून म्हनली, "सोमाच्या पोरा, तुज्या बापानं नेम पाळला. तू बी पाळ. माजी लेकरं माजी वाट बघत मेली. तुजी बी बघू दे." हा येका हातानं अडसर वडतोय, ती दुसरा हात मोडतीया. खैराचा अडसर, पान्यानं फुगलेला. खांदा लावला. निसटला.

दार उघडलं आन् ठकूकाकू आत पडली. ओली चिंब, व्हट निळं, डोळं मिटलेलं. सांजेपास्नं सड्यावर फिरत व्हती बिचारी, त्याच उजेडामागं. काकानं तिला घोंगड्यात गुंडाळली, पाठीवर घेतली आन् सुटला. मागं दार आपटलं. अडसर पडला, आतनं. मंग आतनं हाका सुरू झाल्या. तीन तीन हाका. येसूच्या, मेलेल्या तिघांच्या, मंग त्याच्या बापाच्या आवाजात. "भागू, आत ये रं. भागू, आत ये. भागू." गडी वळला न्हाई. दगडं चाचपत उतरला. उजाडताना वाडीत आला. उजव्या मनगटावर चार बोटांचं पांढरं वळ, मरेपातूर गेलं न्हाईत. मी हात लावून बघितलेत. उनात बी गार लागायचं.

सुटला म्हनताय? हां, जिवानिशी सुटला. ठकूकाकू बी महिन्याभरानं उठून कामाला लागली. पन येसूनं आपलं घ्यायचं ते घेतलंच. काकू घरात काय बी चाललं असू दे, मधीच थांबायची आन् इचारायची, "मी हाक मारली तवा तुमी आत व्हतासा न्हवं?" काका म्हनायचा, व्हतो. "मंग पयल्या हाकेला का न्हाई उठलासा?" तो म्हनायचा, अगं, आत तू बसली व्हतीस. ती म्हनायची, "मी भायेर व्हते." बास. तीस वरसं. रोज न्हाई, पन तीस वरसं. काका जाताना मी उशाशी व्हतो. कायबाय बोलायचं सोडून तो काकूला म्हनला, "ठकू, दुसऱ्या हाकेला तरी उठलो न्हवं?"

काकू काय बोलली न्हाई. त्याचं डोळं मिटलं तरी बोलली न्हाई.

म्हनून सांगतो पोरांनो, त्या वाटेनं जाऊ नका. दिवसा न्हाई, रातीला तर न्हाईच. बघायचा तर घाट खालनं बघा. आता झोपा. आन् सूनबाई, ते दार नुसतं लोटून ठिव, कडी घालू नको.