जुन्या पिकअपचं जाड ऑइल

गाडी विकताना जास्त शहाणपणा करू नका रे. मी केला होता.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. माझी जुनी पिकअप इतका धूर सोडायची की मागचे स्कूटरवाले शिव्या घालायचे. म्हटलं, विकून टाकू. तुर्भ्याला दामू मिस्त्रींच्या गॅरेजवर गेलो. "मिस्त्री, नेहमीचं नको, सगळ्यात जाड ऑइल टाका. गिऱ्हाईक येईपर्यंत धूर दबला की बास."

मिस्त्री डबा उघडत म्हणाले, "टाकतो. पन मना कोनी इचारलं तं मी खोटं बोलनार नाय."

"अहो, तुम्हाला विचारतंय कोण!"

गाडी खरंच गपगार झाली. उरणचा एक मासळीवाला आला, चक्कर मारून खूश झाला. म्हणाला, "घेतली समजा. फकस्त उद्या माजा मेव्हना एकदा बगंल, तो मिस्त्री हाय."

दुसऱ्या दिवशी त्याच्या स्कूटरवरून मागून उतरले कोण? दामू मिस्त्री!

माझ्याकडे न बघता त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढली, बोटांत चोळून पाहिलं आणि मासळीवाल्याला म्हणाले,

"ऑइल झकास हाय, परवा मीच टाकलंय. का टाकलं, ते शेटना इचार."