नावापुढची दोन अक्षरं

सांगायचं नव्हतं हे मी — आईनं तुम्ही यायच्या आधीच बजावलं होतं, सिद्धी, त्या माणसाशी जास्त काही बोलत बसू नकोस — पण तुम्ही मागच्या वायरीकडे हात नेलात म्हणून सांगते, सुदेशबाब, आईनं विकलेला हा कॉम्प्युटर तुम्हाला वाटतो तसला नाही. ह्याच्यावर विंडोज नाही. चढणारही नाही. डिचोलीला नेऊन कुणा दुकानदाराला बिलं करायला दिलात, तर तो दुसऱ्या दिवशी तुमच्याच दारात आणून ठेवील. आई खोटं बोलली नाही हां, तिला ह्यातलं ठाऊकच नाही — पडदा आहे, कळा आहेत, म्हणजे कॉम्प्युटर. नको, बंद नका करू. आत्ता नको. त्या कदेलीवर बसा ना — एक पाय हलतो तिचा, भिंतीला टेकवा, मग बसेल. आई शेजारी बाबलीला बोलवायला गेलीय, हे धूड उचलायला दोघं तरी लागतील. पडद्यावर ओळी वर वर पळतायत ना, त्या थांबेपर्यंत थांबा. थोडंच राहिलंय.

काय चाललंय? प्रोग्राम बांधतेय, माणसांनी लिहिलेलं ह्या मशीनला चालवता येईल असं करतेय. म्हणजे — माझे काका, जयरामकाका, आईचे दीर, ते रेडिओवर बोलायचे. गाण्यांचा रेडिओ नव्हे, बोलायचा, लायसन्सचा. तुयेच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचे, आणि घरी आले की इथं जनेलाशी बसून जगभरच्या माणसांना हाका मारायचे. जनेलातनं बाहेर त्या दोन माडांमधली तार दिसते? ती त्यांचीच. आमचे नारळ पाडतो तोही बाबलीच, तो काही ती तार बांधायला चढेना — म्हणे, जयराम, वर गेलो आणि रशियातला माणूस माझ्या अंगातनं बोलायला लागला, तर बायकोला काय सांगू? मग काका स्वतःच चढले आणि आठवडाभर लंगडत फिरले. तर रेडिओवर जो भेटतो तो लिहून ठेवायचा असतो — कोण, कुठला, किती वाजता — त्याला लॉगबुक म्हणतात. त्याचा प्रोग्राम असतो. फुकट, कारण तो कुणा एकाचा नाही. देशोदेशीची माणसं मिळून लिहितात, आतलं सगळं उघडं असतं, वाचा, बदला, बदललेलं परत पाठवा. पण त्यांनी लिहिला तो लिनक्ससाठी, आणि हे मशीन कारखान्यानं मोडीत काढलेलं, काकांनी घरी आणून त्याच्यावर नेटबीएसडी नावाची सिस्टीम घातलेली. दोन्ही सिस्टीम एकाच घराण्यातल्या — चुलत बहिणी म्हणा — तरी एकीच्या घरात जिथं मीठ असतं, तिथं दुसरीच्या घरात मिरची. म्हणून इथं चालवायचा तर जागोजागी बदलावा लागतो. ते काका करायचे, मी शेजारी बसून बघायचे. मग मी करायला लागले, आणि काका चहा घेऊन बघायचे.

माझी पहिली दुरुस्ती सांगू? हसाल तुम्ही. काकांच्या भेटी कुणी मान्यच करीत नव्हतं. दोघांनी लिहिलेली वेळ जुळली तरच भेट खरी धरतात, आणि सगळ्यांनी एकाच घड्याळाची वेळ लिहायची, ग्रीनिचची. काकांची प्रत्येक वेळ अर्ध्या तासानं चुकलेली. काका भिंतीवरच्या घड्याळाला नावं ठेवायचे. मी आतलं वाचत गेले — आणि तिथं काय, तर तासांचा फरक सगळीकडे पूर्ण आकड्यात धरलेला. एक तास, तीन तास, पाच तास. लिहिणाऱ्यांच्या गावात तसाच असणार, त्यांना सुचलंच नसेल की कुणाचा साडेपाच असू शकतो. वरचा अर्धा टाकूनच दिला होता — मुद्दाम नाही, पण टाकला होता. मी सगळा हिशोब मिनिटांत केला आणि पाठवला. तर नेपाळमधल्या एका बाईंचं उत्तर आलं — त्यांचा फरक पावणेसहाचा — आमच्याकडेही आता बरोबर येतंय, आभार. बस, तेवढंच. मी ते शाळेत दिवसभर मनात म्हणत होते. आमच्याकडेही आता बरोबर येतंय.

नाही, वर्गात कुणाला नाही सांगितलं. कुणाला सांगणार — पल्लवी म्हणते, सिद्धीनं तोंडात मूग भिजत घातलेत, एक दिवस मोड येतील. मला राग नाही येत. मला बोलता येत नाही असं नाही हो, बोलतेच आहे की आता — पण समोरच्याला कंटाळा येईल असं वाटतं आणि तो यायच्या आधीच मी थांबते. तिकडे, प्रोग्रामवाल्यांत, तसं नसतं. लिहायचं, पुन्हा वाचायचं, मग पाठवायचं. ह्या लोकांना माझं वय माहीत नाही. कुठं अडलं की मलाच विचारतात, तुमच्या मशीनवर बघता का? कारण हे मशीन आकडे डाव्या टोकाकडून साठवतं, आपण वाचतो तसे, आणि हल्लीची सगळी उजव्या टोकाकडून. त्यामुळे दुसरीकडे लपलेली चूक इथं उघडी पडते. असलं मशीन त्यांच्यात आता कुणाकडेच नाही. एक आमच्याकडे. आज नवी आवृत्ती निघायचीय — इथं नीट बांधली गेली तर ठीक, नाहीतर प्रोग्राम कशाकशावर चालतो त्या यादीतून ह्या जातीच्या मशिनांचं नाव काढणार. रागानं नाही काढत कुणी. बघायला माणूस नसलं की काढतात.

मग विकतोय का? ही खोली भाड्यानं द्यायचीय म्हणून. मोपाच्या विमानतळावर कामाला लागलेल्या दोघी मुली येणार आहेत, चांगल्या आहेत, एक इब्रामपूरची. आईचं काही चुकत नाही. खोली वर्षभर रिकामीच पडलीय — म्हणजे मी असते इथं, पण मी असले तरी आईला ती रिकामीच दिसते.

काकांना? काकांना कसं विचारणार. काका गेले ना. गेल्या पावसाळ्यात, कारखान्यातच, जेवणाच्या सुटीत खुर्चीवर बसल्या बसल्या. रेडिओ त्यांच्या मित्रांनी नेला, लायसन्स नसताना घरात ठेवता येत नाही. हे तेवढं राहिलं.

तिकडच्यांना मी सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही हां — ते पत्राच्या शेवटी लिहितात, जयरामना नमस्कार सांगा, आणि मी बाकीच्या सगळ्या ओळींना उत्तर देते, त्या ओळीला देत नाही. त्यांच्यात एक रीत आहे. माणूस गेला की त्याच्या नावापुढं दोन इंग्रजी अक्षरं लावतात, एस आणि के. सायलेंट की — गप्प झालेली चावी. पूर्वी चावीवर कट् कट् करून संदेश धाडायचे ना, ती चावी. चांगली रीत आहे, मानाची आहे. प्रोग्रामबरोबर मदत करणाऱ्यांची नावं जातात, त्यात काकांचं आहे, त्याच्या खाली माझं. मला फक्त वाटायचं, मी कळवत नाही तोवर कुठंतरी, एवढ्या लांब, एक तरी जागा आहे जिथं काका अजून — आईसुद्धा सुरुवातीला चुकून त्यांचं ताट घ्यायची. आता चुकत नाही.

पण हे मशीन तुमच्या टेम्पोत चढलं की ते विचारणारच. जयराम हे कधी देतील का, त्यांना काय झालं? म्हणून दोन ओळी टाईप करून ठेवल्यात. बरेच दिवस आहेत त्या तशाच. त्यांत सगळं आहे, फक्त नाव लिहिलं की पुढं बोट जात नाही. आणि बघा ना — गावात सगळ्यांना माहीत आहे, पण ते मी नाही सांगितलं, लोकांनीच येऊन मला सांगितलं. काका गेले, असं माझ्या तोंडानं — आत्ता. तुम्हालाच. तुम्ही तर त्यांना ओळखतही नव्हतात.

थांबल्या. ओळी थांबल्या बघा. एकही चूक नाही. काका असते तर म्हणाले असते, परत एकदा बांध, इतकं सरळ झालं म्हणजे कुठंतरी — नाही. झालं ते बरोबर झालंय. आता न्या तुम्ही, काढा वायरी. पण कुणा बिलंवाल्याला नका देऊ, माहीत असलेला माणूस शोधा. थांबा, एवढं पाठवते — हे बांधलेलं, आणि त्याच्याखाली त्या ओळी. सुदेशबाब, तुम्ही जरा जनेलाकडे बघाल? कुणी बघत असलं की मला जमत नाही. जयराम. पुढं एस. आणि पुढं —

आले गे आई. हो, आहेत ते, बसलेत. बाबलीला म्हणावं दारातच थांब, मला एकच अक्षर