खुनी पहिल्या ओळीत

...आणि वर मलाच म्हणतात, माफी मागा! मी? अहो, एकतीस वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या करतोय, मंत्र्याच्या मेव्हण्याचं नाव छापलं तेव्हा नाही मागितली, आणि आता मागायची कुणापायी, तर एका केकवाल्या बाईपायी! बरं, ती बाई तरी खरी असावी? तीही पुस्तकातली! तुम्हाला सांगतो, माणसानं मरायचंच असेल ना, तर अशा पुस्तकात मरावं. शेवटून तिसऱ्या पानावर खुनी सापडतो!

थांबा, नीट सांगतो. पुस्तकांची एक मालिका आहे. चौदा भाग. चौदा! एक बाई, टुमदार गावात केकचं दुकान चालवते, आणि त्या गावात दर भागात एक खून होतो. म्हणजे चौदा भागांत चौदा माणसं गेली, तरी गाव आपलं टुमदारच. आमच्याकडे नाक्यावर दोन मारामाऱ्या झाल्या तर घरांचे भाव पडतात! खून नवव्या पानावर. रक्त? छे, नावाला नाही. काउंटरमागून एक बूट दिसतो, संपलं. बाई काय करते? आधी ओव्हन बंद करते, मग किंचाळते. पुरावा कोण शोधतं? मांजर! इथं एका पंचनाम्याच्या प्रतीसाठी मी पोलीस ठाण्याच्या बाकावर दोन-दोन महिने बसतो, आणि तिथं मांजर येतं तोंडात चावी धरून! तपास अधिकारी मठ्ठ आणि देखणा. मठ्ठ मी भरपूर पाहिलेत... देखणा एकतीस वर्षांत एक नाही. आणि खुनी सापडला की मागे केकची कृती. माणूस मेला, तुम्ही अंडी फेटा!

हे वाचतं कोण? आमची ही! लायब्ररीत नंबर लावून वाचते. मी म्हटलं, "अगं, सख्खा नवरा गुन्ह्यांचा बातमीदार, आणि तू हे वाचतेस?"

तर मान वर न करता म्हणते, "म्हणूनच वाचते. एकतीस वर्षं जेवताना तुमची प्रेतं ऐकली मी. किती जणांचे खुनी सापडले हो?"

मी भाजी मागितली.

आणि एक दिवस संपादक बोलावतात. संपादक म्हणजे वयानं माझ्या जावयाएवढे, वाक्याला तीनदा सर म्हणतात. माणूस तीनदा सर म्हणाला ना, की समजावं, आपला बळी जाणार आहे. "सर, या पुस्तकांना तुफान वाचक आहे सर. लोकांना का आवडतात, यावर तुम्हीच लिहा सर."

मी म्हटलं, "माझी कारखान्याची बातमी कुठाय?"

ती बातमी ऐका. बिस्किटांचा कारखाना. पीठ मळायचं यंत्र, त्यावर जाळीचं झाकण असतं. झाकण उघडलं की यंत्र थांबतं. थांबलं की माल कमी निघतो. म्हणून व्यवस्थापकानं ती थांबवणारी कळ बांधून झाकणच काढून टाकायला लावलं. चोवीस वर्षांचा मुलगा, हात आत ओढला गेला... जाऊ दे, जेवायच्या वेळेला नको. चौकशीचा निष्कर्ष काय? कामगाराचा निष्काळजीपणा! आणि माझ्याकडे मुकादमाची तीन पत्रं, झाकण बसवा म्हणून, खाली व्यवस्थापकाच्या सहीनिशी शेरा, "गरज नाही". मी बातमी लिहिली, पहिल्याच ओळीत व्यवस्थापकाचं नाव. कारण आमच्या धंद्याचा पहिला धडाच तो, मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत! वाचकानं पुढं नाही वाचलं तरी त्याला कळलं पाहिजे, कुणी केलं. मग? मग पाच महिने ती बातमी पेपरच्या वकिलाकडे आहे. "सर, पहिल्याच ओळीत नाव? जरा घाई होते सर." आणि आमच्याच पेपरच्या शेवटच्या पानावर त्याच बिस्किटांची पानभर जाहिरात, एक गुटगुटीत बाळ हसतंय!

त्या मुलाची आई दर सोमवारी साडेदहाला फोन करते. रडत नाही, ओरडत नाही. "साहेब, आलं का?" एवढंच.

तर संपादक म्हणाले, "तुम्ही पुस्तकावर लिहा, मी कारखाना रविवारी लावतो. शब्द देतो सर." सौदा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी हिच्याकडे पुस्तक मागितलं. हिनं पहिला भाग असा दिला, जसं काही मंदिरात चप्पल काढायला लावतेय. "पानं दुमडू नका!"

मी ठरवून बसलो, सोलून काढतो. पेन्सिल घेतली. विसाव्या पानापर्यंत खुणा केल्या. चाळिसाव्या पानावर पेन्सिल कुठं गेली कळलं नाही. दुपारी पोलीस आयुक्तांची पत्रकार परिषद होती, चुकली! एकतीस वर्षांत पहिल्यांदा! आणि शेवटून तिसऱ्या पानावर खुनी सापडतो, काय सांगू तुम्हाला... बाई पिठाच्या हातानं बोट दाखवते, "तुम्हीच!" आणि ते माणूस कबूल करतं हो! वकील नाही, तारीख नाही, छातीत दुखत नाही! मी उठून खिडकीत जाऊन उभा राहिलो. ही म्हणाली, "डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "पीठ."

मग बसलो लिहायला. आणि हात, बघा, सवयीचा गुलाम! पहिली ओळ काय लिहिली? "निवृत्त संगीतशिक्षिकेनेच बदामाच्या केकमधून घरमालकाला विष दिले." मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत! उपसंपादकानं पुस्तक वाचलेलं नाही, तो म्हणाला, "कडक सुरुवात!" वकिलानं बघितलंसुद्धा नाही. छापून आलं, शनिवारी.

अहो, काय भूकंप! चारशे बारा फोन आणि मेसेज. "तुम्हाला लाज वाटत नाही? माफी मागा!" "माझी आई आजारी आहे, तिचं निम्मं वाचून झालं होतं, नराधमा!" नराधम! मला! झाकण काढणाऱ्याला कुणी नाही म्हटलं! घरी जावं तर ही दारातच, "अहो, माझ्या भिशीतल्या बायकांना काय तोंड दाखवू?"

आणि रविवारी सकाळी मी पेपर उघडतो. माझ्या बातमीची जागा ठरलेली, पान तीन, डावीकडे खाली. तिथं चौकट. "वाचकांची क्षमा मागतो." माझ्या नावानिशी, मला न विचारता! आणि मजकूर कमी पडला म्हणून खाली काय भरलं असेल? बदामाच्या केकची कृती!

सोमवारी साडेदहाला फोन. "साहेब, आलं का?"

"नाही हो मावशी. या रविवारीही..."

"ते पुस्तकाचं वाचलं मी. त्या गाण्याच्या बाईनं केलं ना? बरं झालं, सापडली." मग म्हणाल्या, "आमचंही असंच लिहा ना साहेब. पहिल्याच ओळीत."

मी मनातल्या मनात म्हटलं, लिहिलंय हो मावशी. पाच महिन्यांपूर्वीच लिहिलंय.

फोन ठेवला. आणि त्या संध्याकाळी तुमचा हा एकतीस वर्षांचा बातमीदार गुपचूप लायब्ररीत गेला, भिशीतल्या दोन बायकांच्या मागं रांगेत उभा राहिला, आणि भाग दुसरा घेऊन आला. चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे. माझा संशय दूधवाल्यावर आहे... ए, तुम्ही, मागच्या रांगेतल्या बाई, हसताय कशाला? वाचलंय ना तुम्ही? हात जोडतो, सांगू नका. एवढा एक तरी मला माझ्या हातानं सापडू दे.