एका बाजूला कापूस

डाव्या न्हाय गं शांतम्मा, उजव्या बाजूला. मशीन थांबव आधी, नीट ऐक. माझ्या जावेची, रेश्माची, उजवी बाजू काढलीया — कॅन्सर म्हणल्यावर काय करणार — तर तितं ब्लाऊजला आतनं मऊ कापसाची गादी घाल, टाका टोचू देऊ नकोस, कातडी अजून हुळहुळती तिची. कापड बघितलंस? इरकल. सासूनं घेतलंय, धाकट्या सुनेला. आणि मी थोरली, लग्न होऊन आले तवापासनं त्या घराच्या भाकरी थापते, माझी साडी म्हणली की "तुला हायत की" — झालं, लावली वाटेला.

आता त्या रिपोर्टचंच घे की. गाठीचा तुकडा तपासायला दिलता, त्यात कसलं प्रोटीन दिसतंय ते बघायला. आलं — तीन प्लस. सासूला एवढंच कळलं की प्रोटीन लई वाढलंय. मग काय, घरात शेंगाची चटणी बंद, अंडं बंद, डाळीचं नुसतं पाणी, आमी सगळे भाताला लोणचं लावून खातोय! शेवटी डॉक्टरच हसले — आजी, हे जेवणातलं न्हाय, हे गाठीच्या पेशींवर असतंय, त्यानंच गाठ भराभरा वाढती. तसं वाईटच ते, पण नेमकं त्याच्यावरच मारायचं इंजेक्शन हाय, म्हणून दिसलं ते बरं झालं. ज्यांच्या गाठीत यातलं काहीच दिसत न्हाय त्यांचं जास्त अवघड, म्हणाले. तवापासनं सासू मंद्रूपपासनं मोहोळपर्यंत पावण्यारावळ्यांत सांगत सुटलीया, आमच्या रेश्माला तीन प्लस — जसं काय पोरगी बोर्डात आली.

व्हय, जळते मी. तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? आजारी माणसावर जळू नये, कळतंय की मला. पण तिच्यासाठी शहाळं कोण आणतंय म्हाइत हाय? आमचे मालक. मला चिकनगुनिया झाला तवा ह्याच माणसानं विचारलं हुतं, आज स्वयंपाक उशिरा का? तिचे केस गेले तर सगळं घर रडलं, माझी पोरंसुद्धा तिच्या उशाशी. आणि ती वाईट असती तर एक येळ बरं झालं असतं, शिव्या तरी घातल्या असत्या. पण हात धरून म्हणती, "अक्का, तुमीबी एकदा तपासून घ्या की, मी येते संगं." म्हणजे तिच्या मागनं मी जायचं? आणि लोक काय म्हणतील — जावेला झालं म्हणून हिनंबी दुखणं काढलं. आयुष्यभर सगळं तिला आधी. आता दुखणंबी तिचं उष्टं घेऊ?

राहू दे. माझं माप घे. छातीत सैलच ठेव — हळू गं! डावीकडं टेप आवळू नको. काय न्हाय, संक्रांतीपासनं जरा हाताला लागतंय. तवा हरभऱ्याएवढं हुतं, आता सुपारीएवढं आसंल. दुखत न्हाय, म्हणून तर गप हाय. अशी काय बघतीस? जाईन की. पण मला ठाऊक हाय काय निघणार ते. माझ्या गाठीत तसलं काय दिसायचं न्हाय, शांतम्मा. प्लस तिचे, इंजेक्शन तिचं, आणि माझा कागद कोरा. तितंबी थोरलीला वाटेलाच लावणार. ते ऐकायला जाऊ व्हय मी? भ्या वाटतंय गं मला.

टेप का गुंडाळलास? माझा ब्लाऊज राहिला की. बरं, नको माझा, तिचा तेवढा वेळेत दे, येते मी. सोड हात — आणि फोन कुणाला लावतीस? तिला न्हाय. शांतम्मा, तिला सोडून कुणालाबी लाव, मालकांना लाव, सासूला लाव, तिच्याम्होरं मला — उचलला व्हय तिनं?

दे हिकडं.

हां, रेश्मा. मी बोलते. व्हय, शांतम्माकडंच हाय. न्हाय गं बाई. ब्लाऊजचं न्हाय.