एका वेबसाइटचे दोन मालक

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर चक्क शेजारी-शेजारी बसलेले आमच्या गादी कारखान्याचे दोन्ही मालक, म्हणजे माझे यजमान आणि माझे धाकटे दीर, आजची सत्कारमूर्ती, आणि भाषणं आटोपल्याशिवाय चहा नाही हे ठाऊक असूनही शांत बसलेल्या सुजन श्रोत्यांनो,

जिला आपण सगळे ‘वेबसाइटवाली’ म्हणतो, ती आज आपला निरोप घेते आहे. ती आली तेव्हा म्हणाली होती, महिन्याभरात साइट तयार होईल. बिचारीला वाटलं, काम गाद्यांचं आहे.

आमच्याकडे दोन प्रकारचा माल निघतो. यजमानांच्या कडक गाद्या आणि भाऊजींच्या मऊ फोमच्या. फोमचं यंत्र भाऊजींनी थोरल्यांना न विचारता आणलं, त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. कित्येक वर्षं एकाच खोलीत, मध्ये कपाट लावून, त्यांनी अत्यंत शांततेत धंदा केला. “त्याला सांग” आणि “दादाला सांगा, वहिनी” एवढ्या दोन वाक्यांवर कारखाना चालतो, हे कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात का? आमच्याकडे शिका.

तर वेबसाइटवालीनं रीतसर विचारलं, पहिल्या पानावर काय लिहायचं? यजमान म्हणाले, मऊ गादी म्हणजे पाठीचं वाटोळं. भाऊजी म्हणाले, कडक गादीवर झोपायला माणसानं काय गुन्हा केलाय? सकाळी पान तपकिरी व्हायचं, कारण थोरल्यांना भारदस्तपणा हवा. दुपारी ते केशरी व्हायचं, कारण धाकट्यांना उठाव हवा. संध्याकाळी दोघंही माझ्याकडे तक्रार करायचे की ही मुलगी कामात ढिली आहे.

एकदा तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “काकू, हे दोघं बोलत नाहीत का?”

“बोलतात की,” मी म्हटलं, “माझ्याशी.”

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांना वेगवेगळं गाठलं आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ज्याचा त्याला त्याचाच मजकूर दाखवला. दोघांनी माना डोलावल्या. तिनं साइट सुरू केली. संगणकावर उघडून पाहिली तर डावीकडे यजमानांचा फोटो आणि पाठीचं वाटोळं, उजवीकडे भाऊजींचा फोटो आणि कडक गादीचा गुन्हा. खाली ठळक अक्षरांत एकच फोन नंबर. माझा.

दोघंही संतापले. पण संतापायचं कुणावर? शब्द न् शब्द त्यांचाच होता. दोघांनी आपापल्या बाजूनं माझ्यामार्फत हुकूम पाठवले, की हे पान ताबडतोब काढा. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

एक बाई बोलत होत्या. म्हणाल्या, तुमचं पान वाचून आम्ही दोघं हसतोय, कारण आमच्या घरातही हेच भांडण आहे. यांना कडक लागते, मला मऊ. आम्ही कुणाचं ऐकायचं?

आता हा निरोप मी कुणाला पोचवणार? मी फोनचा स्पीकर सुरू केला, तो टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. यजमानांनी घसा खाकरून पाठीच्या कण्याबद्दल सुरुवात केली. अर्ध्यावर कपाटापलीकडून आवाज आला, “दादा, तुझं ऐकून त्यांची झोप उडेल.”

यजमानांनी फोन बंद करायला हात पुढे केला. मला वाटलं, संपलं आता सगळं. मग ते म्हणाले, “आणि तुझं ऐकून कंबर मोडेल.”

पुढे ते इतके भांडले की बाईंनीच कंटाळून सुचवलं, अर्धी कडक आणि अर्धी मऊ अशी एकच गादी नाही का होणार? ती करायला दोघांना एकाच टेबलाशी उभं राहावं लागलं, टेपचं एक टोक याच्या हातात, दुसरं त्याच्या. आज आपल्याकडे सर्वांत जास्त तीच गादी खपते, आणि तिची कल्पना आपली होती असं दोघंही सांगतात.

त्या रात्री जेवताना यजमान म्हणाले, “त्याचा आवाज बसल्यासारखा वाटला. तब्येत बरी आहे ना, विचार त्याला.” मी म्हटलं, मी नाही विचारणार. बराच वेळ ते भात चिवडत बसले. मग हात धुऊन आले आणि स्वतः फोन लावला. मी स्वयंपाकघरात गेले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते या घरात कुणाला दाखवायची पद्धत नाही.

वेबसाइटवाली, तुला नवी नोकरी मिळाली याचा आम्हाला आनंद आहे. तिथे तीन भाऊ मालक आहेत आणि मध्ये बोलायला वहिनी नाही, असं कळलं. आमच्या शुभेच्छांची तुला गरज पडेल.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं आणि आपण ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घालावं. व्यासपीठावरच्या दोघांचं दुखावलं असल्यास त्यांनी ते एकमेकांना सांगावं. माझ्याकडे निरोप ठेवू नये.